परदेशातील खरी कमाई

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर एका शिक्षकाने केलेले भाषण)





आजच्या भाषणाचा विषय मी स्वतःच निवडावा, असे चिटणीससाहेबांनी मला सांगितले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. समोर बसलेल्या मंडळींकडे नुसते पाहिले तरी तो सुचतो. ज्या घरातला कोणीच कधी परदेशी गेला नाही, असे घर आपल्या या किनारपट्टीवर शोधूनच काढावे लागेल. आपले आजे-पणजे बोटींवर खलाशी म्हणून, सारंग म्हणून गेले. कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकान थाटले. आणि गेल्या पन्नास वर्षांत तर दुबई, कुवेत, मस्कत, दोहा ही नावे आपल्या बायामाणसांच्या तोंडी अशी रुळली आहेत, की जणू ही गावे खाडीच्या पलीकडेच वसली आहेत.

दरवर्षी परीक्षेच्या सुमारास एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. पालक भेटायला येतात, मुलाची चौकशी करतात आणि निघताना म्हणतात, "सर, दहावी तेवढी होऊ द्या. पासपोर्टाला लागते. पुढे शिकून काय करायचंय? शेवटी जायचं तर बाहेरच आहे ना?"

मी या पालकांना नावे ठेवत नाही. घर शाकारायचे असते, मुलीचे लग्न करायचे असते, कर्ज फेडायचे असते. परदेशच्या पैशाने आपल्याकडे घरे उभी राहिली, मशिदींची दुरुस्ती झाली आणि आपल्या या शाळेच्या खोल्याही बांधल्या गेल्या, हे विसरणारा मनुष्य कृतघ्न ठरेल. पण त्या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर एका वाक्यात बसत नाही. म्हणून आज ते उत्तर मी जरा विस्ताराने देणार आहे.

परदेशाहून माणूस काय घेऊन येतो? पूर्वी ब्लँकेट येत, अत्तर येई, टेपरेकॉर्डर येई. आता मोबाइल येतात. हा माल काही वर्षांत जुना होतो. दूरच्या मुलखात भेटलेली आणि आयुष्यभर आपली झालेली माणसे ही मात्र कधी जुनी न होणारी कमाई आहे. ही कमाई नशिबाने होते असे आपण म्हणतो. माणूस भेटणे नशिबाचे असेलही, पण तो आपला होणे नशिबाचे नाही. त्यासाठी घरून शिदोरी न्यावी लागते, आणि त्या शिदोरीचे नाव तालीम आहे. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. ज्यांची चरित्रे सर्वांसमोर आहेत अशा चार मुसाफिरांच्या हकिकती मी तुम्हाला सांगतो.

पहिला मुसाफिर सातशे वर्षांपूर्वीचा. त्याचे नाव इब्न बतूता. मोरोक्को देशातल्या टँजियर शहरात १३०४ साली तो जन्मला आणि १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजच्या इराद्याने एकटाच घराबाहेर पडला. आईबाप हयात होते. त्यांना सोडून जाताना त्याचे काळीज तुटत होते, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. काफिल्याबरोबर तो ट्युनिस शहरी पोहोचला. गावचे लोक सामोरे आले. ज्याचा जो ओळखीचा होता त्याने त्याला सलाम केला, मिठी मारली, खुशाली विचारली. या पोराला ओळखणारे तिथे कोणीच नव्हते. कोणी त्याला सलाम केला नाही. त्याला इतके एकटे वाटले, की भर रस्त्यात त्याला रडू कोसळले. तेवढ्यात एका यात्रेकरूच्या ते लक्षात आले. तो जवळ आला, त्याने सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत तो त्याच्याशी गोड बोलत राहिला. त्या यात्रेकरूला हे काम क्षुल्लक वाटले असेल. इब्न बतूताच्या मात्र ते तीस वर्षे स्मरणात राहिले, आणि पुढे त्याने आपल्या सफरीचा वृत्तांत सांगितला तेव्हा तोही प्रसंग त्यात आला.

पुढे तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरात आला. तिथे बुरहानुद्दीन नावाचे एक सत्पुरुष राहत होते. त्यांनी या तरुणाची फिरण्याची हौस ओळखली आणि त्याच्यावर एक कामगिरी सोपवली. हिंदुस्थानात माझे बंधू फरीदुद्दीन आहेत, सिंधमध्ये रुक्नुद्दीन आहेत, चीनमध्ये बुरहानुद्दीन आहेत. त्यांना माझा सलाम सांग, असे ते म्हणाले. हिंदुस्थान, चीन यांचा विचारही तोवर त्या मुलाच्या मनात नव्हता. पण त्याने तो निरोप अमानतीसारखा सांभाळला. कित्येक वर्षांच्या भ्रमंतीत तो त्या तिघांनाही भेटला आणि तिघांनाही तो सलाम त्याने पोहोचवला.

चीनमधली त्याची आणखी एक हकिकत ऐका. तिथे एका शहरात एक बडे विद्वान त्याला भेटायला आले. त्यांच्याकडे पाहता पाहता आपण यांना कुठे तरी पाहिले आहे, असे इब्न बतूताला वाटू लागले. गाव विचारले. ते निघाले स्यूटाचे, म्हणजे टँजियरच्या शेजारच्याच शहराचे. हा म्हणाला, मी टँजियरचा. ते गृहस्थ रडू लागले आणि हाही रडू लागला. मग उलगडा झाला, की दोघांची गाठ पूर्वी दिल्लीत पडली होती. त्या वेळी ते गृहस्थ अगदी कोवळ्या वयाचे विद्यार्थी होते. घटकाभर विचार करा. एकाच किनाऱ्यावर शेजारशेजारी जन्मलेली दोन माणसे प्रथम दिल्लीत भेटतात आणि पुन्हा चीनमध्ये भेटतात. एवढ्यावरही हे संपत नाही. काही वर्षांनी सहारा वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या सिजिलमासा शहरात इब्न बतूता ज्यांच्या घरी उतरला, ते याच विद्वानांचे सख्खे भाऊ निघाले.

आता प्रश्न असा, की या एकट्या पोराला सर्वत्र एवढा मान कशामुळे मिळाला? तो काही श्रीमंत व्यापारी नव्हता. त्याच्याजवळ होते ते शिक्षण. त्याने कायद्याचा अभ्यास केला होता. त्या विद्येच्या बळावर दिल्लीत सुलतान मुहंमद तुघलकाने त्याला काझी नेमले आणि पुढे मालदीव बेटांतही तो काझी झाला. टँजियरहून निघताना त्याच्या गाठोड्यातली सर्वांत हलकी वस्तू हीच होती आणि शेवटपर्यंत कामी आली तीही हीच.

इब्न बतूता आपल्या मुलखातूनही गेला आहे. तो दौलताबादला आला होता आणि नंतर जहाजाने पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे गेला. गोव्याच्या खाली, आजच्या कर्नाटकात, होन्नावर नावाचे बंदर आहे. तिथे त्याने मुलींच्या १३ शाळा आणि मुलांच्या २३ शाळा पाहिल्या. असे दृश्य आपण दुसरीकडे कुठेही पाहिले नाही, असेही त्याने नमूद केले आहे. चौदाव्या शतकातली ही गोष्ट आहे. मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की जे "हे नवीन फॅड आहे" म्हणतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्याच किनाऱ्यावर ही रीत होती.

मुलींच्या शिक्षणावरून दुसऱ्या मुसाफिराकडे वळतो. ही एक मुलगी आहे, आणि आपल्या महाराष्ट्राचीच आहे. कल्याणची यमुना, लग्नानंतर आनंदीबाई गोपाळ जोशी. १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. वेळेवर वैद्यकीय मदत मिळती तर मूल वाचते, हे त्या पोरसवदा आईच्या मनाने घेतले आणि आपण डॉक्टर व्हायचे असे तिने ठरवले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्रव्यवहार केला. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापून आला. संपादकांचे म्हणणे असे, की आधी धर्म बदला, मग पाहू.

पुढे जे घडले ते कादंबरीत शोभावे असे आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रोझेल या गावी थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या एक गृहिणी राहत होत्या. १८८० साली त्या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले जुने मासिक त्यांनी सहज चाळले आणि हा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला. हजारो मैलांवरच्या एका मुलीला शिकायचे आहे आणि तिला कोणी हात देत नाही, हे त्यांच्या मनाला लागले. घरी जाऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर धाडले. जवळजवळ तीन वर्षे ही पत्रे समुद्रावरून जात-येत राहिली. एकमेकींचे तोंडही न पाहता या दोघी एकमेकींच्या झाल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ च्या एप्रिल महिन्यात अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याला इकडेच ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरली. तिला आपल्या घरी नेणारी होती ती हीच मावशी.

पालकहो, या ठिकाणी जरा थांबा. मुलगा किंवा मुलगी परदेशी गेली की धर्म, रीतभात, सगळे हातचे जाईल, अशी भीती तुमच्या मनात असते. ती खोटी नाही. पण आनंदीबाईंकडे पाहा. त्या लुगडे नेसत. आहार शाकाहारी ठेवत. जाण्यापूर्वी सेरामपूर येथे जाहीर सभेत त्यांनी सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तो शब्द त्यांनी पाळला. कार्पेंटरबाई ख्रिस्ती होत्या. त्यांनी तिला घर दिले, माया दिली, पण बदल्यात तिचा धर्म मागितला नाही. मासिकाच्या संपादकांनी अट घातली होती आणि या बाईंनी अट घातली नाही. उपकार आणि मैत्री यांत फरक असतो तो एवढाच. शिवाय हेही ध्यानात घ्या, की ज्याला आपण कोण आहोत हे नीट ठाऊक असते, त्यालाच दुसऱ्याच्या घरी न बिचकता राहता येते.

आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या महाविद्यालयातले १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशी पोशाखात शेजारी बसल्या आहेत. आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या साबात इस्लामबुली. तिघींचे धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, देश वेगळे. हे छायाचित्र मुलींच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावे, असे मला वाटते.

आनंदीबाईंचे आयुष्य थोडे होते. क्षयाने त्यांना ग्रासले. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली होती, पण त्या कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी मावशीकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. रक्ताचे नाते नाही, धर्माचे नाही, देशाचे नाही. एका पत्राने सुरू झालेली मैत्री शेवटी घराण्याच्या मातीपर्यंत पोहोचली.

तिसरी हकिकत आपल्या समाजातल्या एका थोर घराण्याची आहे. सर सय्यद अहमद खान यांचे नाव येथे कोणाला सांगावे लागत नाही. १८६९ साली ते मुलांना घेऊन विलायतेला गेले, तिथली विद्यालये त्यांनी डोळसपणे पाहिली आणि परत येऊन १८७५ साली अलीगढला शाळा काढली. तिचे पुढे कॉलेज झाले आणि १९२० साली विद्यापीठ. एका प्रवासातून एक विद्यापीठ उभे राहिले. पण मला आज सांगायचे आहे ते त्यांचे नातू सय्यद रॉस मसूद यांच्याविषयी.

रॉस मसूद १९०६ साली इंग्लंडमध्ये होते. वय सतरा. ऑक्सफर्डला जाण्यासाठी लॅटिन भाषा यायला हवी होती, म्हणून त्यांना शिकवणी लावण्यात आली. शिकवायला आलेले मास्तर सत्तावीस वर्षांचे, लाजरे, आईजवळ राहणारे गृहस्थ होते. त्यांचे नाव ई. एम. फॉर्स्टर. पुढे ते इंग्रजीतले नामवंत कादंबरीकार झाले. लॅटिन किती झाले ते बाजूला ठेवू, पण त्या शिकवणीतून जन्माची दोस्ती झाली. मसूद दिलखुलास होते, उंचेपुरे होते, गप्पिष्ट होते. उर्दू शायरीचा त्यांचा व्यासंग असा, की पुढे निवडक उर्दू कवितांचा एक संग्रहच त्यांनी प्रसिद्ध केला. आपल्या चाकोरीतल्या आयुष्यातून मसूदनेच आपल्याला जागे केले आणि हिंदुस्थान म्हणजे काय ते दाखवले, हे ऋण फॉर्स्टर यांनी मोकळ्या मनाने मान्य केले आहे. १९१२ साली ते हिंदुस्थानात आले आणि अलीगढला मसूद यांना भेटले. १९२४ साली त्यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. राज्य करणारा इंग्रज आणि त्याच्या राज्यातला हिंदी माणूस यांची मैत्री होऊ शकते काय, हा त्या कादंबरीचा गाभा आहे. आणि ती अर्पण केली आहे सय्यद रॉस मसूद यांना.

विद्यार्थी मित्रांनो, या दोस्तीत कोण कोणाचा शिष्य होता? कागदावर पाहिले तर फॉर्स्टर मास्तर होते आणि मसूद विद्यार्थी. पण घेणारे दोघेही होते. मसूद यांच्याजवळ द्यायला काही होते, म्हणून ही दोस्ती बरोबरीची झाली. आपल्या भाषेचे वाङ्मय, आपला इतिहास, आपल्या घरची रीत यांची ज्याला माहिती नाही, तो परदेशी गेला की रिकाम्या हाताने बसतो. समोरचा विचारतो, "तुमच्याकडे कसे असते?" आणि याला सांगता येत नाही. म्हणून मराठीचा तास, उर्दूचा तास, इतिहासाचा तास हे बाहेर जाणाऱ्याला निरुपयोगी, असे म्हणू नका. हीच माणसासमोर ठेवायची मेजवानी आहे.

मसूद यांनीही ही विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. हैदराबाद संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख असताना, उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १९२२ साली ते जपानला गेले, तिथली शिक्षणपद्धती त्यांनी अभ्यासली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले. १९२९ ते १९३४ या काळात ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९३७ साली ते वारले.

चौथा मुसाफिर सोलापूरचा. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केलेले असताना हिंदुस्थानच्या राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि अठ्ठावीस वर्षांचेही पुरते न झालेले कोटणीस होते. तिकडे गेल्यावर वडील वारल्याची बातमी आली. परत जायची मुभा होती, पण ते परतले नाहीत. ते चिनी भाषा शिकले. नुसती रोग्याला विचारपूस करण्याइतकी नव्हे, तर तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवता येईल इतकी. आघाडीजवळच्या खेड्यांत, साधनांची वाण असताना, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ साली मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले यिन-ह्वा. यिन म्हणजे हिंद, ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर कोटणीस वारले.

त्यांची कहाणी आपल्या देशाला कळली ती पानिपतच्या ख्वाजा अहमद अब्बास या लेखकामुळे. त्यांनी १९४४ साली कोटणिसांवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधारे कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. चीनमध्ये तर आजही कोटणिसांचे नाव आदराने घेतले जाते. श्रीमती ग्वो २०१२ पर्यंत हयात होत्या आणि सासरच्या माणसांना भेटायला त्या हिंदुस्थानात येऊन गेल्या. मध्यंतरी, १९६२ साली, या दोन देशांत युद्ध झाले. राज्यकर्त्यांचे संबंध बिघडले, पुन्हा जुळले, पुन्हा बिघडले. पण सोलापूरच्या त्या घराचा आणि चीनमधल्या त्या घराचा धागा तुटला नाही.

तुम्ही म्हणाल, सर, ही मोठी माणसे झाली. काझी, डॉक्टर, कुलगुरू. आमचा पोरगा तर हेल्पर म्हणून जातो. ठीक आहे. आपल्याच शाळेतल्या एका हेल्परची गोष्ट ऐका. नाव सांगत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही.

हा मुलगा आखातात इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली कामाला गेला. कॅम्पमधल्या एका खोलीत आठ जण राहत. वरच्या बंकवर केरळचे एक वयस्कर फोरमन होते. ते हिंदू होते. त्यांना मराठी येत नव्हते, याला मल्याळम येत नव्हते. दोघांची हिंदी जेमतेम. या मुलाची एक सवय चांगली होती. शाळेत शिकला तेवढे इंग्रजी त्याने टाकून दिले नव्हते. रात्री तो जुने वर्तमानपत्र घेऊन एकेक शब्द लावत बसे. फोरमननी ते पाहिले. एके रात्री त्यांनी इमारतीच्या वायरिंगचे ड्रॉइंग त्याच्यापुढे उलगडले आणि म्हणाले, "हे वाचायला शीक. तार ओढणारे पुष्कळ आहेत, हे वाचणारे थोडे." वर्षभर रोज जेवणानंतर अर्धा तास त्यांनी त्याला शिकवले. रमजान महिन्यात हा मुलगा सहेरीला उठे तेव्हा गजर ऐकून तेही उठत आणि चहा टाकत. आज तो मुलगा स्वतः ड्रॉइंग वाचून दहा माणसांकडून काम करून घेतो.

ते फोरमन निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला हा मुलगा सुट्टी घेऊन आला आणि कोकण रेल्वेने आईला बरोबर घेऊन कोझिकोडला गेला. परत आल्यावर त्याची आई मला म्हणाली, "सर, भाषा एक अक्षर कळली नाही. पण त्या बाईनं मला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं." मला त्या वेळी आठवले, की त्यांची गाडी होन्नावरवरूनच गेली असणार. सातशे वर्षांपूर्वी इब्न बतूता गेला तोच हा किनारा.

त्याच खोलीत आणखी सहा जण होते. फोरमन त्यांनाही भेटले होतेच. पण ड्रॉइंग उलगडले गेले ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलापुढे. पालकहो, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. मुलगा बाहेर जाणार आहे, म्हणून त्याचे शिक्षण कमी करू नका. तो बाहेर जाणार आहे, म्हणूनच ते वाढवा. घरी राहणाऱ्याला सांभाळायला भाऊबंद असतात. बाहेर जाणाऱ्याजवळ त्याची विद्या आणि त्याची वागणूक, एवढेच असते.

विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टी सांगतो. स्वच्छ, सरळ, मनातले लिहिता येईल असे पत्र लिहायला शिका. आनंदीबाईंचे नशीब पत्राने उघडले. जिथे जाल तिथली भाषा शिका. कोटणीस ती शिकले म्हणून चिनी जनतेचे झाले. आणि दिलेला निरोप, घेतलेला शब्द अमानत समजून पोहोचता करा. फोनवर नंबर साठवल्याने दोस्ती होत नाही, ती शब्द पाळल्याने होते. मुलींना वेगळे काही सांगत नाही. या तिन्ही गोष्टी त्यांच्यासाठीही आहेत आणि शाळेची दारे त्यांच्यासाठीही तितकीच उघडी आहेत.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. परदेश म्हणजे आपण जातो तोच, असे आपल्याला वाटते. पण आपले गाव हाही कोणाचा तरी परदेश आहे. आपल्या आंब्याच्या बागा राखायला नेपाळची माणसे येतात. आपल्या मच्छीमार बोटींवर दूरच्या राज्यांतले तरुण काम करतात. आपल्या घरांच्या भिंती बांधायला बिहारचे, बंगालचे गवंडी येतात. त्यांची मुले आपल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात, कारण त्यांना मराठी येत नाही. ट्युनिसच्या रस्त्यावर रडणाऱ्या त्या पोराला सलाम करणारा एक यात्रेकरू निघाला. आपल्या वर्गात असा कोण निघतो ते पाहायचे आहे. सोमवारी शाळा भरेल तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाशेजारी जाऊन बसा, त्याचे नाव विचारा, त्याच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात ते विचारा आणि त्याला आपला शब्द शिकवा. ज्याला हे आपल्या गावात जमले, त्याला ते दुबईतही जमेल आणि चीनमध्येही.

 परदेशी असलेल्या आपल्या सर्व मुलांना अल्लाह सुखरूप ठेवो आणि त्यांना चांगल्या माणसांची सोबत देवो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.